झुंजीची किंमत : ‘अ प्रेअर बिफोर डॉन’ या तुरुंगपटातील मारामारीचा प्रकरण अभ्यास

तुरुंगावरील चित्रपटात मारामारी असतेच, आणि बहुतेक वेळा ती प्रेक्षकाला हवी तेव्हा सुरू होते, त्याला नीट दिसेल अशा उजेडात घडते आणि त्याचे समाधान होताच संपते. ज्याँ-स्तेफान सोव्हेर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘अ प्रेअर बिफोर डॉन’ हा चित्रपट २०१७ साली कान महोत्सवात मध्यरात्रीच्या खेळांच्या विभागात प्रथम दाखवला गेला आणि २०१८ मध्ये सर्वत्र प्रदर्शित झाला. त्यातील झुंजींचा उल्लेख तेव्हापासून ‘वास्तववादी’ या एकाच विशेषणाने होत आला आहे. हे विशेषण चुकीचे नाही, परंतु ते फार लवकर वापरून मोकळे होता येते. या झुंजी नेमक्या कशामुळे खऱ्या वाटतात, त्या खरेपणासाठी दिग्दर्शकाने कोणत्या गोष्टी सोडून दिल्या, आणि त्या सोडल्यामुळे कोणावर अन्याय झाला, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : या चित्रपटातील मारामारीचा खरेपणा ठोशांमध्ये कमी आणि त्या ठोशांसाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीत अधिक आहे.

कथानकाचा आधार खरा आहे. बिली मूर हा इंग्लंडमधील लिव्हरपूलचा रहिवासी. तरुणपणापासून अमली पदार्थांच्या आणि तुरुंगाच्या फेऱ्यात अडकलेला हा माणूस नव्याने आयुष्य सुरू करण्यासाठी थायलंडला गेला, तेथे मुष्टियुद्धाकडे वळला, पुन्हा व्यसनात गुरफटला आणि अटक होऊन थायलंडच्या तुरुंगांत सुमारे तीन वर्षे राहिला. चियांग माई येथील कारागृह आणि बँकॉकचे ख्लाँग प्रेम मध्यवर्ती कारागृह ही त्या काळातील त्याची ठिकाणे. सुटकेनंतर त्याने आपल्या अनुभवांवर पुस्तक लिहिले, ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावरून हा चित्रपट बेतला गेला. बिलीची भूमिका जो कोल या इंग्रज अभिनेत्याने केली. ‘पीकी ब्लाइंडर्स’ या मालिकेतील जॉन शेल्बी म्हणून तो अनेकांना माहीत आहे. या भूमिकेसाठी २०१८ च्या ब्रिटिश स्वतंत्र चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला.

निर्मितीचे तपशील येथे केवळ माहिती म्हणून येत नाहीत, कारण पुढील विवेचन त्यांच्यावरच उभे आहे. चित्रीकरण बँकॉकच्या पश्चिमेला असलेल्या नाखोन पाथोम येथील, वापरातून गेलेल्या एका खऱ्या तुरुंगात झाले. कैद्यांच्या भूमिकांसाठी मोठ्या प्रमाणावर पूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांना घेण्यात आले. पडद्यावर दिसणारे मानेपासून पायांपर्यंतचे गोंदण बहुतांशी त्यांच्या स्वतःच्या अंगावरचे आहे. सोव्हेरने याआधीच्या ‘जॉनी मॅड डॉग’ या चित्रपटात लायबेरियात खऱ्या बालसैनिकांसोबत काम केले होते, त्यामुळे ही पद्धत त्याच्यासाठी नवी नव्हती. तुरुंगातील मुष्टियुद्ध प्रशिक्षणाशी निगडित भूमिकेत सोमलक कामसिंग दिसतो. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये फेदरवेट गटात जिंकून थायलंडला इतिहासातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारा हा मुष्टियोद्धा मुळात मुय थाईच्या, म्हणजे लाथा-गुडघ्यांसह लढल्या जाणाऱ्या थायलंडच्या पारंपरिक मुष्टियुद्धाच्या, रिंगणातून पुढे आलेला होता. अशी माणसे आजूबाजूला असली की अभिनेत्याला हात कसा उचलावा याची सूचना संहितेतून मिळण्याची गरज उरत नाही. चुकीचा हात उचलला तर तो समोरच्याला आणि पाहणाऱ्यांना ताबडतोब कळतो.

न कळण्याची व्यवस्था

झुंजींकडे वळण्यापूर्वी चित्रपटाने घेतलेला एक निर्णय समजून घेतला पाहिजे, कारण मारामारीचा परिणाम त्याच्यामुळे दुप्पट होतो. थाई भाषेतील संवादांचा फार मोठा भाग उपशीर्षकांशिवाय ठेवलेला आहे. बिलीला थाई जेवढी समजते, तेवढीच ती प्रेक्षकाला समजावी, असा हा बेत आहे. बराकीत साठ-सत्तर माणसे उघड्या अंगाने एकमेकांना खेटून जमिनीवर झोपलेली असतात, कोणीतरी काहीतरी ओरडतो, काही जण हसतात, एक जण जवळ येतो. हे आमंत्रण आहे की धमकी, चेष्टा आहे की व्यवहार, याचा अंदाज बांधण्याचे काम आपल्यावर येऊन पडते. मारामारी सुरू होण्याआधीचे जे क्षण असतात, ज्यांत माणूस समोरच्याचे शब्द तोलून पुढे काय होणार हे ठरवतो, ते क्षणच येथे काढून घेतलेले आहेत. परिणामी प्रत्येक हल्ला अचानक येतो.

नेहमीच्या तुरुंगपटात मारामारीला एक प्रस्तावना असते. वैर निर्माण होते, टोमणे मारले जातात, नजरा भिडतात आणि प्रेक्षक मनातून तयार होतो. हिंदी चित्रपटांवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना तर खलनायकाचा पहिला ठोसा कधी पडणार हे पार्श्वसंगीतावरून ओळखता येते. प्रत्यक्षातील हिंसेला अशी प्रस्तावना क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी ती परक्या भाषेत असेल तर मिळून न मिळाल्यासारखीच. सोव्हेरने हे ओळखले.

मात्र या निर्णयाचा एक अर्थ असाही होतो की थाई भाषा जाणणारा प्रेक्षक एक वेगळाच चित्रपट पाहतो. त्याला बराकीतील प्रत्येक वाक्य कळते, त्याच्यासाठी ते कैदी गूढ नसतात, आणि गोंधळलेला, घामाघूम झालेला तो परदेशीच त्याला विचित्र वाटू शकतो. मराठी प्रेक्षक येथे तिसऱ्याच जागी बसलेला असतो, कारण बिलीचे लिव्हरपुली इंग्रजी त्याला उपशीर्षकांवरून कळते आणि थाई त्याला बिलीइतकेही कळत नाही. खरेपणा हा पडद्यावरच्या वस्तूचा गुण नसून पाहणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून असतो, हे या चित्रपटाइतके स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसते. पुढे झुंजींच्या चर्चेत हा मुद्दा पुन्हा लागणार आहे.

बराकीतील मारहाण

चित्रपटात हिंसेचे दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवूनच पाहावे लागतात. पहिला प्रकार रिंगणाबाहेरचा. यात न्याय्य लढत जवळजवळ नाहीच. अनेक जण एकावर तुटून पडतात, मागून वार होतो, एखाद्याला धरून ठेवले जाते, रात्रीच्या अंधारात एका तरुण कैद्यावर सामूहिक बलात्कार होतो आणि बिलीला तो असहायपणे पाहावा लागतो. या प्रसंगांत कॅमेरा उशिरा पोचल्यासारखा वाटतो. पहिला धक्का आपल्याला बहुधा दिसतच नाही. दिसते ती पाठ, खांदा, कोणाचा तरी कोपर, आणि काय झाले हे समजेपर्यंत प्रसंग संपलेला असतो. खऱ्या मारहाणीचे साक्षीदार सांगतात तो अनुभव याच जातीचा असतो : सगळे फार लवकर झाले आणि नीट काहीच दिसले नाही.

या भागातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग बिलीने खाल्लेल्या माराचा नसून त्याने केलेल्या मारहाणीचा आहे. व्यसनाने तडफडणाऱ्या बिलीला एक रक्षक अमली पदार्थाचे आमिष दाखवतो आणि त्या बदल्यात मुस्लिम कैद्यांवर हात टाकायला लावतो. बिलीचे त्यांच्याशी वैर नाही. त्यांनी त्याचे काही बिघडवलेले नाही. तो त्यांना अमानुषपणे मारतो आणि आपली पुडी मिळवतो. येथे ठोसे लागतात, रक्त येते, आणि तरीही पाहणाऱ्याला विजयाचा एक कणही मिळत नाही. मारामारीचे चित्रण किती कौशल्याने केले आहे यापेक्षा ती कोणत्या व्यवहाराचा भाग आहे हे दाखवल्यामुळे हा प्रसंग खरा वाटतो, आणि माझ्या मते संपूर्ण चित्रपटाची किल्ली येथे आहे. तुरुंगात बिलीजवळ विकण्यासारखी एकच वस्तू आहे, ती म्हणजे त्याची मारण्याची क्षमता. सुरुवातीला ती एका रक्षकाला विकली जाते, पुढे ती मुष्टियुद्धाच्या संघाला विकली जाते. दोन्ही ठिकाणी मोबदला मिळतो, फक्त दुसऱ्या ठिकाणी नियम असतात.

यानंतर बिली स्वतःचा जीव घेण्याचा प्रयत्न करतो. या प्रसंगावर चित्रपट रेंगाळत नाही.

रिंगणाच्या आत

तुरुंगाच्या आवारात सराव करणारा मुय थाईचा संघ दिसतो आणि बिली त्यात शिरण्यासाठी धडपडू लागतो. प्रवेश फुकट नाही. सिगारेट हे तेथील चलन आहे. फेम नावाची तृतीयपंथी कैदी त्याला सिगारेट मिळवून देते आणि त्या देऊन तो प्रशिक्षकांचे दार उघडतो. संघात गेलेल्या कैद्याला वेगळी राहण्याची जागा, बरे अन्न आणि काही प्रमाणात सुरक्षितता मिळते. म्हणजे पहिली लढत खेळण्याआधीच बिली कर्जात आहे, आणि हरला तर तो केवळ सामना हरणार नाही, तर झोपण्याची जागाही गमावू शकतो. लढतीची तीव्रता वाढवण्यासाठी दिग्दर्शकाला फुगीर संगीताची किंवा समालोचकाच्या आरोळीची गरज पडत नाही, कारण प्रेक्षकाच्या मनात हा हिशेब आधीच मांडून झालेला असतो.

मुय थाईमध्ये दोन मुठी, दोन कोपर, दोन गुडघे आणि दोन नडग्या अशा आठ अवयवांनी प्रहार करता येतो. व्यावसायिक सामना सामान्यतः तीन-तीन मिनिटांच्या पाच फेऱ्यांचा असतो आणि मधली विश्रांती दोन मिनिटांची असते. सामन्याआधी दोन्ही लढवय्ये डोक्याला मोंगकोन हे पारंपरिक शिरोबंधन बांधून ‘वाई ख्रू’ म्हणजे गुरुवंदना करतात, पारंपरिक नृत्याच्या हालचालींनी रिंगण फिरून घेतात, आणि लढत चालू असताना सनईच्या जातीचे वाद्य, ढोल आणि लहान झांजा वाजत राहतात. त्या वादनाची लय लढतीबरोबर चढत जाते. या सर्वांची आठवण ठेवून पडद्यावरील लढत पाहिली, तर दिग्दर्शकाने काय घेतले आणि काय बाजूला ठेवले ते लक्षात येते.

त्याने घेतले ते मुख्यतः अंतर. मुय थाई हा अंतराचा खेळ आहे. नडगीच्या लाथेचे अंतर वेगळे, ठोशाचे वेगळे, आणि मानेला दोन्ही हातांनी कवेत घेऊन गुडघे मारण्याच्या पकडीचे वेगळे. छायालेखक दाव्हिद उंगारो याने कॅमेरा शेवटच्या दोन अंतरांत नेऊन उभा केला आहे. तो दोरांच्या आत आहे, खांद्याच्या उंचीवर आहे, आणि लढवय्ये गिरकी घेतात तेव्हा त्यालाही गिरकी घ्यावी लागते. लांब, कमीत कमी तोडलेल्या दृश्यखंडांमुळे दमछाक लपवता येत नाही. सामान्य संकलनात दोन ठोशांमध्ये कट देऊन अभिनेत्याला श्वास घ्यायला वेळ देता येतो, आणि पडद्यावर मात्र तो सलग लढत असल्यासारखा वाटतो. येथे छाती खरोखर वरखाली होताना दिसते, हात हळूहळू खाली येतात, पाय जड होतात आणि पकडीत गेल्यावर दोघेही लढण्यापेक्षा एकमेकांवर टेकून उभे राहिल्यासारखे भासतात. ज्याने कोणतीही झुंज जवळून पाहिली आहे, मग ती मातीतली कुस्ती का असेना, त्याला हे टेकणे ओळखीचे वाटेल.

येथे तंत्राचा एक मुद्दा थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. चित्रपटातील मारामारीचे जुने आणि सुरक्षित गणित असे आहे की ठोसा चेहऱ्यापासून काही इंच दूरून जातो, आणि कॅमेरा अशा रेषेत ठेवलेला असतो की मधले अंतर दिसू नये. लांब पल्ल्याची भिंग वापरली की दोन शरीरांमधले अंतर आणखी आक्रसते. मार खाणाऱ्याने मान झटकली आणि ध्वनिपट्टीवर आवाज भरला की काम झाले. या पद्धतीची अट एकच : कॅमेऱ्याने आपली रेषा सोडता कामा नये. तो लढणाऱ्यांभोवती फिरू लागला की पुढच्याच क्षणी ती फट उघडी पडते. म्हणून जेथे कॅमेरा जवळ आहे, फिरता आहे आणि कट कमी आहेत, तेथे प्रहार नियंत्रित असला तरी तो लागावाच लागतो. हातमोजा बरगडीवर आदळल्यावर त्वचा हलते, तेल आणि घाम उडतो, आणि मार बसलेल्या माणसाचा श्वास अर्ध्यात तुटतो. ही प्रतिक्रिया अभिनयाने आणणे फार कठीण असते. जो कोलने या भूमिकेसाठी आपले शरीर घडवले हे दिसतेच, परंतु त्याहून महत्त्वाचे हे की ते शरीर मार खाण्याच्या तयारीने घडवलेले आहे, केवळ दिसण्यासाठी नव्हे.

याच खेळाची उलटी मांडणी पाहायची असेल तर २००३ च्या ‘ओंग-बाक’ या थाई चित्रपटाकडे वळावे. त्यात टोनी जा याने तारांच्या आणि संगणकीय करामतींच्या मदतीवाचून मुय थाईची थक्क करणारी प्रात्यक्षिके केली आहेत आणि एखादी विलक्षण उडी किंवा गुडघ्याचा प्रहार चित्रपट दुसऱ्या कोनातून पुन्हा दाखवतो. तेथेही शरीर खरे आहे, जोखीम खरी आहे. पण ती प्रेक्षकाने कौतुकाने पाहावी म्हणून पुढे ठेवलेली आहे. सोव्हेरच्या चित्रपटात कोणताही प्रहार दुसऱ्यांदा दिसत नाही. पहिल्यांदा दिसला नसेल तर तो हुकलाच. खऱ्या सामन्यात रिंगणात उभ्या असलेल्या माणसालाही ही सोय नसते.

आवाजाबद्दल स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. संगीताची जबाबदारी निकोला बेकर याच्याकडे होती. पुढे ‘साउंड ऑफ मेटल’ या चित्रपटाच्या ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या चमूत तो होता. या चित्रपटात संगीत आणि ध्वनी यांची सीमा पुसट आहे. प्रेक्षकांचा गोंगाट कधी भिंतीपलीकडून आल्यासारखा दबलेला असतो, कधी तो अचानक अंगावर येतो, आणि मधल्या काळात माणसाचा स्वतःचा श्वास व रक्ताची धडधड एवढेच उरते. प्रहाराचा आवाज पारंपरिक मारामारीपटाइतका टणक आणि कोरडा नाही. तो ओला, बोथट आणि कित्येकदा गर्दीच्या आवाजात बुडालेला आहे. ठोसा मोठ्याने वाजला की प्रेक्षकाला तो कोणाचा हे कळते. आवाज बोथट झाला की बाजू घेणे अवघड होते, आणि हे अवघड होणे या चित्रपटाला हवे आहे.

दोन्ही प्रकारच्या हिंसेची तुलना केल्यावर एक गोष्ट पुढे येते जी मला या प्रकरणातील सर्वांत मोलाची वाटते. रिंगणाबाहेर मारहाण कधी थांबेल याला नियम नाही. रिंगणात पंच आहे, घंटा आहे, कोपऱ्यात पाणी देणारा माणूस आहे आणि पडलेल्यावर वार करायचा नाही असा दंडक आहे. नेहमीच्या कल्पनेनुसार रिंगण ही हिंसेची जागा आणि त्याबाहेरचे जग शांततेचे. या तुरुंगात ते उलटे आहे : त्या भिंतींच्या आत मारण्याला मर्यादा असलेली ती एकमेव जागा आहे. बिली तिकडे ओढला जातो तो केवळ राग बाहेर काढण्यासाठी नाही. तेथे त्याला दर तीन मिनिटांनी कोणीतरी थांबवते.

ज्या शरीराने लढत होते

वास्तववादाची चर्चा बहुधा लढत सुरू झाल्यावर सुरू होते. या चित्रपटाची ताकद लढतीआधीच्या शरीरात आहे. बिलीचे शरीर याबाच्या गोळ्यांनी पोखरलेले आहे. मेथॲम्फेटामिन आणि कॅफिन यांच्या मिश्रणाची ही गोळी थायलंडमध्ये स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध असून तेथील तुरुंगांतील बहुसंख्य कैदी अमली पदार्थांच्याच गुन्ह्यांखाली आलेले असतात. व्यसन सोडताना येणारा कंप, झोपेचा अभाव, एकाएकी उसळणारा संताप हे सर्व सरावाच्या प्रसंगांत दिसत राहते. पुढे तो रक्त ओकू लागतो आणि आणखी लढणे जिवावर बेतू शकते हे स्पष्ट होते. तरीही तो शेवटच्या लढतीत उतरतो. त्यामुळे त्या लढतीत प्रतिस्पर्ध्याचा पोटावर बसलेला प्रत्येक गुडघा पाहताना आपण गुण मोजत नाही. आतील जखम फुटेल का, एवढाच प्रश्न उरतो. तो जिंकतो आणि कोसळतो, आणि पुढचे दृश्य रुग्णालयातील असते. विजयाचा सोहळा कापून टाकण्याचा हा निर्णय मला अत्यंत योग्य वाटतो, कारण क्रीडापटाचा साचा स्वीकारला असता तर आधीच्या दीड तासाने उभा केलेला सगळा हिशेब एका जयघोषात वाहून गेला असता.

बिलीच्या लढण्याच्या शैलीकडेही लक्ष दिले पाहिजे. तो हातांचा माणूस आहे. पाश्चात्त्य मुष्टियुद्धाच्या सवयीने तो पुढे झुकतो आणि मुठी चालवत राहतो. मुय थाईच्या परंपरागत गुणांकनात ठोशांपेक्षा लाथा आणि गुडघे यांना, आणि प्रहार करतानाही टिकवलेल्या तोलाला अधिक वजन असते. अशा खेळात झुकलेल्या, तोल घालवणाऱ्या परदेशी माणसाला गुणांवर जिंकण्याची आशा थोडीच, म्हणून समोरच्याला आडवे करणे हाच त्याचा खरा मार्ग ठरतो. चित्रपट हे शब्दांत सांगत नाही. परंतु जो कोलच्या हालचालीत ही घाई आणि ही असहायता सातत्याने दिसते, आणि भूमिकेचा इतका विचार केलेला अभिनेता विरळा.

जे चौकटीबाहेर राहिले

आता उलटी बाजू. ज्या जवळिकीने वेदना खरी केली, त्याच जवळिकीने मुय थाई हा खेळ मात्र दिसेनासा केला. पकडीत कोण कोणाची मान कशी वळवतो, लाथ अडवण्यासाठी नडगी कधी उचलली जाते, पुढच्या पायाच्या ढकलणाऱ्या लाथेने अंतर कसे राखले जाते, हे समजण्यासाठी कॅमेरा चार पावले मागे जावा लागतो आणि संपूर्ण शरीर, पावलांसह, चौकटीत यावे लागते. येथे ते क्वचितच घडते. थायलंडमधील खऱ्या सामन्यात पहिल्या दोन फेऱ्या बहुधा संथ असतात. लढवय्ये एकमेकांना चाचपतात, सट्टा लावणारे दर ठरवतात, आणि निकालाची मुख्य कमाई तिसऱ्या व चौथ्या फेरीत होते. पाचव्या फेरीत आघाडीवर असलेला लढवय्या कित्येकदा शांतपणे अंतर राखून वेळ काढतो. हा संयम, ही गणिती शांतता चित्रपटातील लढतींत नाही. पहिल्या घंटेपासून सर्व काही पेटलेले असते. बिलीच्या मनःस्थितीशी ते सुसंगत आहे, पण त्या खेळाशी नाही. म्हणून या झुंजींना वेदनेच्या बाबतीत वास्तववादी म्हणता येते. मुय थाईच्या बाबतीत त्या तशा नाहीत, आणि समीक्षेत हा फरक बहुतेक वेळा केला जात नाही याची मला खंत वाटते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. पूर्वीच्या कैद्यांना भूमिका देण्यामागे त्यांच्या अनुभवाचा आदर होता हे मान्य केले, तरी पडद्यावर त्यांच्यापैकी फार थोड्यांना व्यक्तिमत्त्व मिळाले आहे. संघातील मुलांसोबतच्या काही दृश्यांत, जेथे ते आपापल्या गुन्ह्यांबद्दल सहजपणे बोलतात, माणसे क्षणभर उजेडात येतात, आणि ती दृश्ये चित्रपटातील सर्वोत्तम दृश्यांपैकी आहेत. फेमची व्यक्तिरेखाही जिवंत आहे. मात्र एकंदरीत गोंदलेली थाई शरीरे ही परदेशी नायकाच्या भीतीची पार्श्वभूमी होऊन राहतात. उपशीर्षके काढून घेण्याचा निर्णय येथे दुधारी ठरतो. त्याने आपल्याला बिलीच्या जागी बसवले, आणि त्याच वेळी बाकीच्या सर्वांचे बोलणे निव्वळ आवाज करून टाकले.

आणि बाकीच्यांपाशी सांगण्यासारखे खूप होते. सिरिपोर्न थावीसुक ही तरुणी अमली पदार्थांच्या गुन्ह्याखाली शिक्षा भोगत असताना मुष्टियुद्ध शिकली आणि सॅमसन सोर सिरिपोर्न या नावाने एप्रिल २००७ मध्ये ख्लाँग प्रेम कारागृहाच्याच आवारात जपानच्या आयाका मियानो हिला हरवून जागतिक मुष्टियुद्ध परिषदेची महिलांच्या लाइट फ्लायवेट गटातील विजेती झाली. अम्नात रुएनरोएंग हा दरोड्याच्या शिक्षेत तुरुंगात गेला, तेथेच मुष्टियुद्धात घडला, २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकमध्ये थायलंडच्या संघातून खेळला आणि २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध महासंघाचा फ्लायवेट जगज्जेता झाला. तुरुंगाच्या रिंगणातून सुटकेकडे आणि नावलौकिकाकडे जाणारी वाट थायलंडमध्ये खरोखर अस्तित्वात आहे, आणि तिच्यावरून चालणारे बहुतेक जण अर्थातच थाई आहेत. त्यांच्यासाठी हा एका परदेशी माणसाच्या आयुष्यातील तीन वर्षांचा भीषण अध्याय नसतो. ते त्यांचेच शहर, त्यांचीच भाषा आणि सुटल्यावर परत जाण्याची त्यांचीच गल्ली असते.

या दृष्टीने शेवटची लढत पुन्हा पाहिली तर तिच्यातील उणीव नेमकी दाखवता येते. समोरचा लढवय्याही कैदीच आहे. त्याच्यावरही कोणीतरी सिगारेट लावल्या असतील, त्याच्याही झोपण्याच्या जागेचा आणि अन्नाचा प्रश्न त्या निकालाशी जोडलेला असेल. चित्रपटाने बिलीच्या बाबतीत हा हिशेब एवढ्या काटेकोरपणे मांडला आहे की दुसऱ्या कोपऱ्याचा हिशेब मांडलाच नाही हे ठळकपणे जाणवते. दोन फेऱ्यांमधील विश्रांतीत कॅमेरा एकदा जरी त्या कोपऱ्यात गेला असता, त्याच खांद्याच्या उंचीवर, त्याच तुटक श्वासांसह, तरी लढतीचा वेग कमी झाला नसता आणि जिंकण्याचा अर्थ अधिक कठीण झाला असता. सोव्हेर आणि उंगारो यांच्याजवळ त्यासाठी लागणारे तंत्र होते, खरी माणसे होती आणि खरा तुरुंग होता. लढतीचे चित्रण करण्याची ही पद्धत ज्यांना पुढे वापरायची आहे, त्यांच्यासाठी या चित्रपटात न झालेले काम हेच आहे.